दोन चुलींचं पुस्तक

ज्या कोणाच्या हाती हे कागद लागतील त्यानं आधी माझं अक्षर सांभाळून घ्यावं. चौथीत शाळा सुटली तेव्हा जसं होतं तसंच ते राहिलं, माझ्याबरोबर वाढलं नाही. पहिली वेलांटी की दुसरी, हे मी अंदाजानं ठरवते. वाचलं मात्र पुष्कळ. त्यामुळे वाक्य कसं असावं ते कळतं, पण हात मागे मागे राहतो. मुलीच्या जुन्या वह्यांत कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहिते आहे. कोणाला दाखवणार नाही. बोलायचं तेव्हा मी बोलले नाही, आणि त्याचं काय झालं ते मला परवा कळलं. निदान लिहून ठेवते.

परवा कर्जतला गेले होते. वाचनालय बंद होतं आहे, सभासदांनी पावती दाखवून अनामत रक्कम घेऊन जावी, असा कागद तिथल्या दारावर लावलाय, हे आमच्या ह्यांनी येताजाता पाहिलं होतं. खालापूरहून निघाले, चौकला गाडी बदलली. पिशवीत पावती होती आणि एक पुस्तक होतं. ते वाचनालयाचं नाही, आमचं आहे. म्हणजे माझं आणि आतेचं. त्याला कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत आणि शेवट नाही.

वाचनालयाच्या पायऱ्या चढले आणि थबकले. कपाटांची दारं सताड उघडी होती. इतक्या वर्षांत मी ती अशी कधी पाहिली नव्हती. तिथं रीतच होती, यादीतला नंबर दाखवायचा आणि आतून पुस्तक यायचं. कपाटापाशी कोणी जायचं नाही. आता सगळी पुस्तकं जमिनीवर होती, सुतळीनं बांधलेली, आणि त्यांचा वास खोलीभर मोकळा सुटला होता. डिंक, डांबरगोळ्या, ओल धरलेला कागद. त्या वासात आणखी एक वास मिसळला, जो तिथं नव्हताच. करपलेल्या चादरीचा.

आते माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं घर का मोडलं, ती परत आमच्याकडे का आली, हे घरात कोणी बोललं नाही आणि मीही विचारलं नाही. ती माथेरानला एका हॉटेलात खोल्या झाडायची, चादरी बदलायची. माझी शाळा सुटली तशी मीही तिच्याबरोबर जायला लागले. डोंगराच्या कुशीतल्या आमच्या गावातून पायवाट वर जायची. दूधवाले, काकडीवाल्या, आम्ही, सगळे अंधारातच निघायचो. वर पोचेपर्यंत तांबड्या मातीनं पाय घोट्यापर्यंत रंगलेले असायचे. पहिल्यांदा घोड्यांच्या लिदीचा वास यायचा, मग बंबाच्या धुराचा, मग पाहुण्यांच्या चहाचा. छोट्या गाडीची शिट्टी खालच्या वळणावरून ऐकू यायची आणि गाडी कितीतरी वेळानं यायची. आते म्हणायची, "ही गाडी नाय, पाहुणचाराला येनारी म्हातारी हाय. आधी हाक मारते, मग येते."

हॉटेलचा एक नियम होता. खोलीत पाहुण्याचं काही राहिलं तर ते जिन्याखालच्या पेटीत ठेवायचं. वर्षभर कोणी विचारायला आलं नाही तर ज्याला सापडलं त्याचं. त्या पेटीत काय नसायचं! एका पायाची चप्पल, काळे चष्मे, बाळाचं टोपडं, एकदा तर कवळी. "खाली जाऊन जेवला कसा गं ह्यो?" म्हणून आते दिवसभर हसत होती. पण सगळ्यांत जास्त राहायची ती पुस्तकं. माणसं डोंगरावर वाचायचं ठरवून येतात आणि वाचत नाहीत, हे मला तेव्हाच कळलं. दहा-वीस पानांनंतर कोपरा दुमडलेला असायचा आणि पुढची पानं एकमेकांना चिकटलेली, कोणाचा हात न लागलेली.

खुनाचं पुस्तक, हिमालयाचं पुस्तक, कवितांचं, हात बघायचं, राजे-महाराजांचं. माणसं निवडून वाचतात हे मला ठाऊकच नव्हतं. जे राहील ते मी वाचायची. आणि पुष्कळ दिवस माझी एक समजूत होती. कव्हरावर छापलेलं नाव छापखान्याच्या मालकाचं असतं, आणि आत पहिल्या पानावर शाईनं लिहिलेलं नाव ज्यानं पुस्तक लिहिलं त्याचं. लिहिणारा माणूस हातानंच लिहिणार ना? 'चि. सुलभा हिस वाढदिवसानिमित्त' असं एका पुस्तकावर होतं. त्यात तीन खून होते. सुलभाच्या घरच्यांचं मला फार वाईट वाटायचं.

दुपारी पाहुणे झोपले की मागच्या खोलीत इस्त्री चालायची. कोळशाची जड इस्त्री, ओलसर चादरी, त्यांतून उठणारी वाफ. आतेला अक्षर येत नव्हतं. तिचे हात इस्त्रीवर आणि कान माझ्याकडे. मी पायरीवर बसून वाचायची. बाहेर जांभळाच्या झाडावर माकडांची पळापळ, पत्र्यावर धपाधप उड्या. "गप रं मेल्यांनो, खून होतोय हितं," असं ती त्यांना दटावायची.

ते पुस्तक एका कोपऱ्यातल्या खोलीत सापडलं, पलंगाच्या मागे, भिंतीला लागून. कोणाचं, केव्हा राहिलं, कळायला मार्ग नव्हता. कव्हर आणि पहिली पानं वाळवीनं खाल्ली होती. गोष्ट अर्ध्या वाक्यातून सुरू व्हायची. दोन सख्ख्या बहिणी एका घरात राहतात. मधे कुडाची भिंत घातलेली, अलीकडे एक चूल, पलीकडे एक चूल. वर्षानुवर्षं एकमेकींशी बोलत नाहीत. पण भिंतीपलीकडच्या आवाजावरून, वासावरून एकीला दुसरीचं सगळं कळत असतं. आज तिनं तांदूळ उशिरा धुतले. आज फोडणी लसणाची नाही, म्हणजे उपास. आज भाकरी एकच थापली. थापायचा आवाज मोजून धाकटी आपल्या भाकऱ्या थापायची. आणि एक दिवस पलीकडून काहीच आवाज येत नाही. चूल पेटत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटी स्वयंपाक करते, ताट वाढते, ताटावर दुसरं ताट झाकते, अंगणातून वळसा घेऊन थोरलीच्या दारात जाते, पायानं दार लोटते...

आणि तिथं पानं संपली.

मी वर पाहिलं. आते इस्त्री चादरीवर टेकवून उभी होती. धूर यायला लागला तरी तिला कळलं नाही. पांढऱ्या चादरीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला. मॅनेजर येऊन ओरडला. तो गेल्यावर तिनं विचारलं,

"त्या बाईनं ताट घेतलं का गं?"

"पानंच नाहीत आते."

"मग बघ की कुटं मिळतात का."

आतेला एक थोरली बहीण होती, आमच्याच गावात दिलेली, आमच्या घरापासून दोन घरं सोडून. तिचं अंगण आमच्या ओट्यावरून दिसायचं. दोघी बोलत नव्हत्या. कशावरून ते मला कधीच कळलं नाही. मला जाण आल्यापासून ते तसंच होतं, अंगणातल्या दगडासारखं, वळसा घालून जायचं.

त्या पुस्तकाच्या लेखकाला आम्ही 'आपला' म्हणायला लागलो. बाकीचे लेखक ते लेखक, हा आपला. आतेनं ती पानं मला इतक्यांदा वाचायला लावली की त्याचा बोलायचा ढंग आमच्या कानात बसला. तो कधी 'फार दुःख झालं' असं म्हणायचा नाही. त्याऐवजी सांगायचा की तिनं विस्तव ओढून घेतला. आते म्हणायची, "ह्या बाप्याला चूल म्हाईत हाय बाय. भाकरी कदी उलटायची ते बाप्यांना कळत नाय. ह्यो आईच्या पदराखाली लय दिस बसलेला दिसतोय."

मी जरा मोठी झाल्यावर आते मला कर्जतच्या वाचनालयात घेऊन गेली. डोंगरावर सापडतं ते नशिबानं, इथं सगळी पुस्तकं असतात असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. टेबलामागे एक काका बसले होते, बाह्यांना डिंकाचे डाग, नाकावर चष्मा. आते माझा दंड धरून म्हणाली, "पोरीला पुस्तकं पायजेत." काकांनी विचारलं, कोणती. आतेनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

तेव्हाच सांगायचं होतं. दोन बहिणी, दोन चुली, शेवट हवाय. पण नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, कव्हर नाही, असं पुस्तक मागायचं कसं? शिकलेली माणसं हसतील. मी बोलले नाही. आतेला वाटलं, वाचणारीला ठाऊक. तिनं पदराची गाठ सोडून पाहुण्यांनी दिलेल्या बक्षिसीतले पन्नास रुपये अनामत भरले आणि पावतीवर पैसे भरणाऱ्याच्या रकान्यात अंगठा उठवला. काकांनी नाव विचारलं, तेव्हा माझं नाव सांगायलाही तीच पुढे झाली.

मग मी शोधायला लागले. एकेक लेखक घ्यायचा, आतेला दोन पानं वाचून दाखवायची, आपला आहे का बघायचं. यादीवर बोट ठेवायचं, काका आतून पुस्तक आणायचे. ह्या शोधात मला सगळी माणसं भेटली. ज्यांच्या गावांत मी कधी जाणार नाही, ज्यांच्यापुढे उभी राहिले असते तर तोंडातून शब्द फुटला नसता, ते सगळे आमच्या इस्त्रीच्या खोलीत येऊन बसून गेले.

आतेची कसोटी वेगळीच होती. एका ऐतिहासिक कादंबरीवाल्याला तिनं चार पानांत परत पाठवलं. "ह्याच्या गोष्टीत कोनी जेवतच नाय. घोड्यावरून उतरतात आनि लगेच बोलायला लागतात." एका प्रवासवाल्यावर मात्र खूश झाली, "ह्यो आपला नाय, पन सोबतीला बरा." कविता पहिल्यांदा वाचली तेव्हा म्हणाली, "एवढंच? बाकीचं कुटं हाय?" मी म्हटलं, एवढंच असतं. ती चादरीकडे वळली. संध्याकाळी डोंगर उतरताना मधेच थांबून म्हणाली, "ते मगाचं परत म्हन." आम्ही वाटेत उभ्या राहिलो. अंजनाच्या झाडांना निळाजांभळा फुलोरा आला होता. मी दोनदा म्हटलं. तेव्हापासून कविता आम्हाला लागल्या.

पुस्तकाच्या मागच्या बाजूला लेखकाचा फोटो असला की आते तो उजेडात धरून बघायची. "जिवंत हाय का ह्यो?" हा तिचा पहिला प्रश्न. नसला तर ती पुस्तक वाचताना जरा हळू आवाजात बोलायची. एकानं आपल्या आयुष्याची गोष्ट लिहिली होती, आपल्या बापाचं, उपासमारीचं सगळं. आते म्हणाली, "छातीचा मानूस. आपल्या घरचं असं कोन सांगंल?" मग इस्त्री फिरवत राहिली, बराच वेळ, एकाच जागी. ताऱ्यांवरचं एक पुस्तक होतं, त्यात लिहिलं होतं की काही तारे विझून गेलेत तरी त्यांचा उजेड अजून येतोय. ते तिला लगेच पटलं. "मान्सासारखंच की," म्हणाली.

पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी तेच. "हा नाय. आपला असा बोलत नव्हता."

पावसाळ्यात हॉटेलं बंद व्हायची. पाऊस आत येऊ नये म्हणून भिंतींना बाहेरून झावळ्यांची झापं लागायची, धुकं आत येऊन बसायचं. पेटीतल्या पुस्तकांना बुरशी धरायची. आम्ही गावाला जाताना ती कडुनिंबाच्या पाल्यात घालून प्लॅस्टिकमध्ये बांधायचो. आपल्याचं पुस्तक मात्र वर कधीच ठेवलं नाही. ते आतेच्या कमरेला, लुगड्याच्या घडीत, आमच्याबरोबर खाली यायचं.

माझं लग्न खालापूरच्या बाजूला झालं. वडील गेल्यावर आते माझ्याकडे राहायला आली. आमच्या ह्यांना वाचायची गोडी नाही, पण संध्याकाळी मी आतेला वाचून दाखवायला लागले की ते उगाच दारापाशी काहीतरी दुरुस्त करत बसायचे. जेवताना हळूच विचारायचे, "मग मारला कोनी त्याला?" आते म्हणायची, "आमच्यासंगं बसला अस्तास तर कळलं अस्तं. आता ऱ्हा उपाशी."

महिन्यातून दोनदा मी कर्जतला जायची. काका म्हातारे होत चालले होते, मी तशीच मुकी होते. बोट ठेवायचं, पुस्तक घ्यायचं, मान हलवायची. एकदा मी दाखवलेलं पुस्तक दुसऱ्या कोणाकडे गेलं होतं. काका आत गेले आणि स्वतःच एक पुस्तक घेऊन आले. जाड, तपकिरी बांधणीचं. म्हणाले, "हे न्या. तुम्हाला आवडेल." आणि मी पायऱ्या उतरताना मागून म्हणाले, "मागचं पण वाचा बरं का."

मागचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही.

घरी आल्यावर पहिलं पान उघडलं. स्वयंपाकाचं पुस्तक. आमट्या, सार, भाज्या, वड्या. आते तेव्हा वालाच्या बिरड्याला वाटण वाटत बसली होती. तिनं ऐकलं आणि हळदीच्या हातानंच पुस्तक माझ्याकडे सरकवून दिलं. "जलम गेला चुलीपुढं, आता वाचायची पन चूलच? दे परत." आम्ही दोघी हसलो. मागचं म्हणजे लोणची, मुरंबे असतील, असं मला वाटलं. पुस्तक आठवडाभर आमच्या फळीवर होतं, मिठाच्या बरणीशेजारी. कव्हरावर आतेच्या बोटाचा पिवळा ठसा पडला होता. मी तो ओल्या फडक्यानं पुसायला गेले तर तो आणखी पसरायला लागला, म्हणून सोडून दिलं. दंड होईल ह्या भीतीनं परत करताना मी ठशावर हात ठेवूनच पुस्तक पुढे केलं. काकांनी ठसा पाहिला आणि हसले. "स्वयंपाकाच्या पुस्तकाला हळद लागायचीच. वाचलंत?"

मी मान हलवली. ती होय अशी हलली की नाही अशी, मलाच कळलं नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी म्हणेन अशी वाट बघत असल्यासारखे. मग पुढच्या सभासदाकडे वळले.

त्याच वर्षी गावाहून निरोप आला, थोरली आत्या अंथरुणाला खिळली आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर स्वयंपाकघरात दिवा होता. आतेनं मऊ भात केला होता, वालाचं बिरडं केलं होतं, डबा भरला होता. नवं लुगडं नेसली आणि स्टँडवर गेली. दुपारी परत आली. डबा तसाच जड होता.

"काय झालं गं आते?"

"गाडी चुकली."

चौकच्या बाजूला गाड्या सारख्या जातात.  तिनं डबा उघडून भात गाईला घातला, डबा घासला, उन्हात पालथा ठेवला. संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाली,

"बाय, त्या बाईनं ताट घेतलं असंल का गं?"

"शेवट मिळाला की सांगते."

"मला वाटतं नसंल घेतलं," ती म्हणाली. "तिनं पाठ फिरवली असंल. मग धाकटीनं ताट दारात ठेवलं आनि कुत्र्यानं खाल्लं. असंच लिवलं असंल त्यानं. खरं लिवनारा हाय तो."

थोरली आत्या भात कापणीच्या आधी गेली. आते गावाला गेली, पण घरात गेली नाही. अंगणात उभी राहिली, लोक बाहेर पडेपर्यंत. मग सगळ्यांच्या मागून चालली. परत आल्यावर पुष्कळ दिवस तिनं वाचायला सांगितलं नाही. इथल्या ओट्यावर बसून ती पलीकडे बघायची, तिकडे तर आमच्याच घराची भिंत होती.

पुढे आम्ही पुन्हा वाचायला लागलो, पण ती आता 'हा नाय' असं म्हणेना. कुठलंही पुस्तक वाचलं तरी ऐकून घ्यायची आणि शेवटी "बरं हाय" म्हणायची. शोधणं फक्त माझ्या बाजूनं चालू राहिलं. ती गेली तेव्हा तिच्या उशाखाली ती कव्हर नसलेली पानं होती. तिच्याबरोबर द्यावीत असं ह्यांचं म्हणणं पडलं. मी दिली नाहीत. शेवट मिळाल्याशिवाय कशी देऊ?

तर परवा त्या खोलीत मी उभी होते. काकांची खुर्ची रिकामी होती, ते जाऊनही काही वर्षं झाली. आता एक मॅडम आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या जमिनीवर बसून गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. म्हणाल्या, "बसा काकी. पावती आणली?"

मी पावती काढायला पिशवीत हात घातला आणि हाताला आधी आपल्याची पानं लागली. उद्या ही पुस्तकं टेंपोत चढणार. यादी नाही, कपाटं नाहीत, विचारायला कोणी नाही.  आणि कोण बोललं ते कळायच्या आत माझा आवाज मलाच ऐकू आला.

"एक पुस्तक होतं. नाव नाही ठाऊक. लिहिणाऱ्याचंही नाही. दोन बहिणी असतात, एका घरात. दोन चुली."

मॅडम हसल्या नाहीत. हातातली चिठ्ठी तशीच धरून म्हणाल्या, "कुडाची भिंत असते मधे? भाकऱ्या मोजते ती?"

मी भिंतीला टेकले.

"परवाच हाताशी आलं होतं. थांबा हं." त्या गठ्ठे ओलांडत गेल्या, एकाची सुतळी सोडली. "काय आहे, पातळ पुस्तकं लवकर फाटतात, म्हणून आधीचे काका एका लेखकाची दोन-दोन पुस्तकं एकत्र बांधायचे. यादीत नाव पहिल्याचंच. मी पण पाककृतीचं म्हणून गठ्ठ्यात टाकत होते, तर मागं ही कादंबरी. तिथंच बसून वाचून काढली मी."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. जाड, तपकिरी बांधणीचं. कव्हरावर, खालच्या कोपऱ्यात, फिकट पिवळं बोट होतं.

 मॅडमनी पाणी आणून दिलं. मग मी पुस्तक उघडलं आणि वड्या, लोणची, मुरंबे उलटत मागे गेले. मधे एक कोरं पान आणि मग कादंबरीचं नाव. खाली लेखकाचं नाव. बाईचं.

आपला बाई होती.

ते नाव मी इथं लिहीत नाही. नाव मिळालं तेव्हा ज्याला सांगायचं ते माणूसच उरलेलं नाही. सुरुवातीला तिनं चार ओळी लिहिल्या आहेत, की पाककृतीचं पुस्तक लोकांनी विकत घेतलं म्हणून त्या पैशांत हे छापता आलं, कोणी वाचेल अशी आशा नाही. फोटो नाही. जिवंत आहे का, ते कळत नाही. आते असती तर हळू आवाजात बोलली असती.

मग शेवट. मला वाटायचं पुष्कळ पानं गेली असतील, निदान एक प्रकरण तरी. एकच पान होतं, तेही अर्धं भरलेलं. मी पायरीवर जाऊन बसले आणि ते मोठ्यानं वाचलं, ऐकणारं कोणी असल्यासारखं. धाकटी पायानं दार लोटते. थोरली भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. धाकटी ताट खाली ठेवते, वरचं ताट काढते, वाफ येते. कोणी काही बोलत नाही. मग थोरली हातावर जोर देऊन उठते, एक घास घेते आणि म्हणते, मीठ कमी आहे. धाकटी मीठ आणायला उठते.

एवढंच.

आठवडाभर हे आमच्या फळीवर होतं. मिठाच्या बरणीशेजारी.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मोबाईलवर फोटो काढून देऊ का पानाचा?" मी म्हटलं, नको. पुस्तकच मागावंसं वाटत होतं. एकदा बोलले होते, पण दुसऱ्यांदा तोंड उघडलं नाही. मोजून बांधलेले गठ्ठे, दुसऱ्या गावच्या वाचनालयात जाणारे. त्यांनी मान हलवली, पुस्तक गठ्ठ्यात परत ठेवलं आणि सुतळीची गाठ मारली. पिवळं बोट आत गेलं.

मग मी पावती दिली. कागद पिवळा पडला होता, घडीवर फाटला होता, पण आतेचा निळा अंगठा स्वच्छ होता, बारीक रेषांसकट. मॅडमनी ती फाइलमध्ये टोचली. मला वाटलं होतं, बघून परत देतील. त्यांनी पन्नासची एक नवी नोट माझ्या हातावर ठेवली, फाइल माझ्यापुढे सरकवली आणि कुठं सही करायची ते दाखवलं.

"वर एक ओळ लिहा काकी, पैसे मिळाले म्हणून."

मी पेन घेतलं. माझ्या वाईट अक्षरात, त्या अंगठ्याच्या शेजारी, सावकाश लिहिलं. पैसे पूर्ण मिळाले.